न पेरलेल्याचा वाटा

वनस्पतिशास्त्रात तण नावाचे कुळ नाही. तण हा शेतकऱ्याने दिलेला निवाडा आहे: जे पेरले नाही आणि तरीही उगवले, ते तण. म्हैसूरच्या परिसरातील कोरडवाहू शेतांत मात्र हा निवाडा इतका सरळ राहत नाही.

तेथे परंपरेने नाचणी एकटी पेरली जात नाही. ठरावीक ओळींनंतर वाल, ज्वारी, कारळे, मोहरी यांची एक ओळ येते. कन्नडमध्ये तिला ‘अक्कडी सालू’ म्हणतात. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात. पिके वेगवेगळ्या वेळी तयार होत असल्याने पावसाने दगा दिला तरी सर्वच हातचे जात नाही. या पेरलेल्या सोबत्यांच्या पायाशी न पेरलेले सोबतीही उगवतात: घोळ, कुर्डू, तांदुळजा. खुरपणाऱ्या स्त्रिया त्यांतील कोवळे तेवढे वेचून ओटीत टाकतात. ही मिसळीची भाजी म्हणजे ‘बेरके सोप्पू’. ती डाळीबरोबर शिजवून निथळलेल्या पाण्याचे ‘बस्सारू’ करतात आणि नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर खातात. घोळ कच्चीही चालते. तिची आंबटसर, रसाळ पाने दह्यात कालवली, की त्यांतील ऑक्झॅलिक आम्लाचा काही अंश दह्यातील कॅल्शियम बांधून ठेवते.

महाराष्ट्रात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानून ऋषीची भाजी करतात. माणसाचे सारेच अन्न त्याने कमावलेले नसते, याची ती वर्षातून एकदा येणारी आठवण होय. बेरके सोप्पू वेचणारीला ही आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही.

तथापि, खुरपणी हे कंबर मोडणारे काम आहे आणि ते बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येते. तणनाशक त्या कष्टांतून सोडवते. हे नजरेआड करून घोळीचे गोडवे गाणे हा भरल्या पोटाचा रसिकपणा ठरेल. परंतु रुंद पानांची तणे मारणारे औषध नाचणीला सोडते. वाल, मोहरी आणि घोळ यांत मात्र ते भेद करीत नाही. म्हणून ते फवारणाऱ्याला आधी पेरलेल्या सोबत्यांचा त्याग करावा लागतो. न पेरलेले मग आपोआप जातात. मजुरीने खुरपणारीचे कष्ट वाचतात, पण त्यांबरोबर तिची मजुरी जाते आणि संध्याकाळची भाजीही. वाचलेला पैसा मात्र मालकाकडे राहतो.

खुरपे धरणारा हात प्रत्येक रोपाशी थांबून ठरवतो: हे उपटायचे, हे वेचायचे, हे राहू द्यायचे. कष्ट कमी व्हावेत, ही मागणी न्याय्यच आहे. पण ते कमी करताना हा निवाडा कोणाच्या हातून काढून घेतला जातो, हेही विचारले पाहिजे. जमिनीच्या दप्तरात शेताच्या मालकाचे नाव असते. न पेरता उगवलेल्यावर कोणाचा हक्क, याची नोंद तेथे नसते. ती आजवर ओटीतच होत आली आहे.