आजचं चिंतन: गीता १.२८, समोर आपलं माणूस



आजच्या श्लोकात अर्जुनाला समोर स्वजन दिसतात आणि त्याचं अंग गळून जातं. खरं तर विराटाच्या गायी सोडवताना तो याच भीष्म-द्रोणांशी लढला होता. मग आजच काय झालं?

वाचताना मला खाडिलकर बहिणी आठवल्या. नवी मंडळी ओळखत नसतील, म्हणून सांगतो. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1974 मध्ये सुरू झाली. पहिली विजेती वासंती. 1983 पर्यंतची दहाही विजेतेपदं याच घरात: रोहिणी 5, जयश्री 4, वासंती 1. 'नवाकाळ'च्या नीलकंठ खाडिलकरांच्या या मुली. 1976 मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली, आणि त्यावरून वादळ उठलं. पण मला पुरुषांपेक्षा बहिणींचा डाव अवघड वाटतो. विजेतेपद एक, घर एक. समोर ताई बसली असेल तर तिची चूक दिसल्यावर हात पुढे करायचा की नाही?

युद्धात माणसं मरतात, पटावर प्यादी. अर्जुनाचं दुःख मी लहान करत नाहीये. पण आपल्याला रोज पडतो तो प्रश्न हाच.

येवल्यात संक्रांतीला आसारी हातात आली की मी सख्ख्या बहिणीचाही पतंग बिनधास्त कापायचो. बुद्धिबळात मात्र एकदा मुद्दाम वजीर मोकळा सोडला, कारण आदल्या दिवशी हरून ती रडली होती. नऊ वर्षांची असेल. तिनं वजीर मारला नाही. माझ्याकडे बघितलं, सोंगट्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, "दादा, तू माझ्याशी खेळतच नव्हतास."

बरीच वर्षं मी त्याला माया समजत होतो. आता वाटतं, भगवंत फळ सोडायला सांगतात, चाल नाही. मी नेमकं उलटं केलं. चाल सोडली आणि फळ घट्ट धरलं: चांगला दादा म्हणवून घेण्याचं. तिच्या रडण्याचा त्रास तिच्यापेक्षा मलाच जास्त होत होता, हेही खरं. अर्जुनाच्या करुणेत असं काही मिसळलेलं होतं का? माहीत नाही. माझ्या करुणेत होतं.

गेल्या दिवाळीत तिनं स्वतःहून पट मांडला. मी जीव तोडून खेळलो आणि हरलो. तिनं दोनदा विचारलं, "खरं ना?"


जय हरी.