एकट्याच्या नौकेचा कर्ता कोण?

मनुष्याच्या व्यवहारात एक विसंगती नित्य दृष्टीस पडते. कार्य सिद्धीस गेले म्हणजे तो म्हणतो, 'हे मी केले'. आणि तेच कार्य फसले म्हणजे म्हणतो, 'दैवापुढे कोणाचे काय चालते?' कित्येक सज्जन यासाठी गीतेचाही आधार घेतात. आत्मा अकर्ता आहे असे भगवंतांनीच सांगितले असता दोषाचा भार माणसावर का टाकावा, असे ते विचारतात. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. ज्या घरातील वडीलधारी माणसे असे बोलू लागतात, त्या घरात चुकीला कोणी धनी उरत नाही. आणि जिला धनी नाही, ती चूक सुधारतही नाही.

या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी असे एखादे कर्म घ्यावे, की ज्यात दुसरा मनुष्य वाटेकरी नाही. शिडाची लहान नौका एकट्याने दिवसभर चालविणे हे तसे कर्म होय. आणि त्यासाठी नैनीतालचे सरोवर हे उत्तम स्थळ होय. कुमाऊँच्या डोंगरात, १,९०० मीटरहून अधिक उंचीवर हे सरोवर आहे. उत्तरेस मल्लीताल व नैनादेवीचे मंदिर, दक्षिणेस तल्लीताल. लांबी दीड किलोमीटरच्या आत आणि रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. येथे शिडाच्या नौका चालविण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. उन्हाळ्यात याच एवढ्याशा पाण्यावर प्रवाशांनी भरलेल्या वल्ह्यांच्या आणि पायांनी फिरवायच्या नावांची दाटी होते. चोहोबाजूंस डोंगर असल्यामुळे वाराही स्थिर नसतो; तो उतारांवरून झोताझोताने येतो आणि क्षणात दिशा पालटतो.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि दैव. भाष्यकारांच्या मते अधिष्ठान म्हणजे शरीर. दृष्टान्तापुरती नौका ही अधिष्ठान मानावी. तीत बसलेला मनुष्य हा कर्ता. शीड, सुकाणू आणि शिडाचा दोर ही करणे. दोर ओढणे, सैल सोडणे, अंग तोलणे या चेष्टा. आणि ज्यावर त्याची सत्ता नाही तो वारा, हे दैव. याप्रमाणे ज्याला लोक 'एकटा' म्हणतात, तोही पाचांतील एक ठरतो. सायंकाळी सुखरूप काठाला लागून 'मी एकट्याने नौका चालविली' असे तो म्हणेल, तर उरलेल्या चौघांचे श्रेय त्याने हिरावून घेतले असे होईल.

आता पूर्वपक्ष असा : समजा, अकस्मात झोत आला, नौका वेगाने ओढली गेली आणि मुलाबाळांनी भरलेल्या एका नावेवर आदळली. वारा त्याने निर्माण केला नव्हता. पाचांपैकी एका कारणाने घात केला असता कर्त्यास दोष का द्यावा?

यावर उत्तर असे. वारा त्याचा नव्हता हे खरे. परंतु दोर त्याच्या हाती होता. झोत येण्यापूर्वी पाण्यावर काळसर लहरींचा पट्टा धावत येताना दिसतो. तो पाहून वेळीच दोर सैल सोडला, तर शिडातील वारा निसटून जातो आणि कललेली नौका सरळ होते. म्हणूनच झोतांच्या पाण्यात शिडाचा दोर खुंटीला बांधून टाकू नये, हातातच धरावा, असे जाणते लोक सांगतात. ज्याने दोर बांधून ठेवला आणि दृष्टी डोंगराच्या शोभेत गुंतविली, त्याच्या हातून घडलेल्या अपघाताचे मूळ वाऱ्यात शोधू नये. ते त्या गाठीत आहे. परिणाम, हानी, परपीडा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्मास याच अध्यायात तामस म्हटले आहे. दैव हे पाचवे कारण असले, तरी ते पहिल्या चौघांच्या निष्काळजीपणावर घालावयाचे पांघरूण नव्हे.

मग आत्म्याच्या अकर्तृत्वाची वाट काय? अकर्ता आहे तो साक्षी आत्मा. पाचांत गणलेला कर्ता म्हणजे देहेंद्रियांशी एकरूप झालेला जीव. यशाच्या वेळी 'मी केले' असे जो म्हणतो, तो हाच जीव होय. मग अपयशाच्या वेळी त्यानेच साक्षीचे आसन बळकावणे ही आत्मवंचना नव्हे काय?

समुद्रावरील नौकांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतही या विचाराला पुष्टी मिळते. शिडाच्या दोन नौकांना एकाच अंगाने वारा मिळत असेल, तर वाऱ्याच्या बाजूच्या नौकेने दुसरीपासून दूर राहावे. म्हणजे ज्याला वारा आधी मिळतो, त्याने मागाहून मिळणाऱ्याची काळजी घ्यावी. एका नौकेने वाट द्यावयाची असता दुसरीने आपली दिशा व वेग कायम राखावा. आणि पहिलीच्या प्रयत्नाने टक्कर टळत नाही असे दिसल्यास दुसरीनेही ती टाळण्यासाठी झटावे. नियमाकडे बोट दाखवून साधारण सावधगिरीची हयगय क्षम्य ठरत नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे. हे नियम समुद्राचे असले, तरी त्यांतील न्याय गजबजलेल्या सरोवरासही लागू आहे. 'वाट माझी होती' एवढे म्हणून कोणीही सुटत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही कर्तव्य येतेच.

गृहस्थाश्रम हेही असेच दाटीचे पाणी आहे. स्थळाची नीट चौकशी न करता, मुलीचे मन न जाणता जो पिता विवाह उरकून टाकतो आणि पुढे तिचे अश्रू पाहून 'तिचे प्रारब्ध' असे म्हणतो, त्याने दोर खुंटीला बांधलेला असतो. घरातील दुखण्याकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष करून शेवटी 'आयुष्याची दोरी तेवढीच' म्हणणाराही त्याच पंक्तीतला. उलट, जिने सर्व उपाय वेळेवर केले आणि तरीही जिचे मूल वाचले नाही, त्या मातेने स्वतःस दोष देत झुरणे हेही अज्ञानच होय. कारण तिने पाचही कारणांचा भार आपल्या एकटीच्या शिरावर घेतलेला असतो. पहिल्या दोघांस जागे करणारे आणि या मातेस धीर देणारे शास्त्र एकच आहे.

दुसऱ्या अध्यायातील सदुसष्टाव्या श्लोकात भगवंतांनी नौका आणि वारा यांचाच दृष्टान्त दिला आहे. भटकणाऱ्या इंद्रियांमागे धावणारे मन बुद्धीला वाऱ्याने नौका ओढून न्यावी तसे ओढून नेते, असा त्याचा आशय आहे. परंतु सुकाणूवर सावध हात असला, तर तोच वारा नौकेला पैलतीरी पोचवितो. सात्त्विक कर्त्याच्या ठिकाणी धैर्य व उत्साह असतो, अहंकाराची भाषा नसते आणि सिद्धि-असिद्धीने तो विचलित होत नाही. यास्तव साधकाने कर्मापूर्वी विचार करावा, कर्म चालू असता जागे राहावे, चुकल्यास 'चूक माझी' असे मोकळेपणाने म्हणावे, आणि साधले तर ते श्रीहरीच्या चरणी अर्पण करावे.