फळ हाती आल्यावर

माणूस फळाच्या आशेने राबतो, असे आपण म्हणतो. मग फळ हाती आल्यावरही जो राबत राहतो, त्याचे काय?

इंग्लंडच्या टॉमी गॉडविनने १ जानेवारी १९३९ रोजी सायकल बाहेर काढली. एका वर्षात सर्वांत अधिक मैल कापायचे, हा त्याचा पण. सप्टेंबरात महायुद्ध पेटले. आपल्याकडे पणत्या लावण्याचे दिवस आले, तेव्हा तिकडे दिवे झाकून ठेवण्याचा हुकूम होता. त्या काळोखात, हाडांत शिरणाऱ्या गारठ्यात हा शाकाहारी गडी एकटाच पायडल मारीत होता. २६ ऑक्टोबरला जुना विक्रम मागे पडला. आता तो थांबला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण तो थांबला नाही. वर्षाअखेर ७५,०६५ मैल भरले. रोजचे सरासरी दोनशेहून अधिक!

कोणी म्हणेल, हा मोठ्या आकड्याचा लोभ. असेलही. पण लोभ माणसाला चार दिवस घराबाहेर काढील. रोज पहाटे सायकलच्या गार मुठी हाती धरायला लावतो, तो नेम. कामाशी आपले नाते जिव्हाळ्याचे होते की सौद्याचे, हे फळ पदरात पडल्यानंतरच कळते.