हनुमंतालाही तसं वाटलं होतं



आजचं वाचन: वाल्मीकी रामायण, सुंदरकांड, सर्ग १३.

आपण नाशिककर अंजनेरीला हनुमंताचं जन्मस्थान मानतो, डोंगर चढून त्याच्याकडे बळ मागतो. पण या सर्गात तोच हनुमंत खचलेला आहे. सगळी लंका पालथी घातली, सीतामाई सापडली नाही. रिकाम्या हाताने परतलो तर राम जगणार नाही, मग लक्ष्मण, मग भरत... एकेक करून सगळे गेलेले त्याला दिसू लागतात. शेवटी वाटतं, आपणच संपलेलं बरं.

मागे एक मित्र मला म्हणाला होता, "जगावंसं वाटत नाही रे." मी म्हणालो, "नामस्मरण वाढव, होईल ठीक." तो गप्प झाला. मला वाटलं, पटलं त्याला. खरं तर मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की तुझी भक्ती कमी पडतेय.

मग हनुमंताची कमी पडली होती का?

१९७६ मध्ये स्टॉकहोमच्या मारी ऑसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याचे रुग्ण तपासले. ज्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात सेरोटोनिनपासून बनणारा एक पदार्थ कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त दिसले. अर्थात, सगळा खेळ एकाच रसायनाचा नाही. कर्ज, अपमान, दारू, एकटेपणा हेही त्यात असतं. पण मन ज्या मेंदूतून विचार करतं, तोच आजारी पडला की पुढची वाट दिसेनाशी होते. ते पाप नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

मग सगळं रसायनच ठरवत असेल, तर आपल्या हातात काय? सर्ग पुढे वाचा. हनुमंत थांबतो. मरण्यात दोष फार आहेत, जिवंत राहिलो तर भलं घडू शकेल, असं स्वतःला समजावतो. आणि तेव्हा त्याला न शोधलेली एक जागा दिसते: अशोकवन. सीतामाई तिथेच होती! ती लाट ओसरेपर्यंत टिकून राहणं, हीच त्या घडीची साधना.

आणि ती एकट्याने करायची नसते. समुद्रापाशी हनुमंताला त्याचं बळ जांबवंताने आठवून दिलं होतं. आज तो जांबवंत मित्र असेल, आई असेल, डॉक्टर असेल. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर सोबत करायची, मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. नाम आणि औषध एकाच हातावर घेता येतं.

मित्राची मी नंतर माफी मागितली आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. आता तो बरा आहे.

आजची साधना: गप्प झालेल्या एकाला फोन करा. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं थेट विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि हे वाचताना तुम्हालाच तसं वाटत असेल, तर आत्ताच जवळच्या कुणाला सांगा, किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

हनुमंता, आमचं अशोकवन दिसेपर्यंत आम्हाला थांबव.

जय श्रीराम.