चंद्रांच्या तालावर चालणारी याने

आयो गुरूभोवती चार फेऱ्या घालतो, तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात आणि गॅनिमीडची एक. या मेळाला कक्षीय अनुनाद म्हणतात. हे चंद्र एकमेकांना पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागीच ओढत असल्याने ती ओढ विरून जात नाही, साठत जाते. आयोची कक्षा म्हणूनच पुरती गोल होऊ शकत नाही. गुरूची ओढ कमीजास्त होत राहते आणि आयोचे पोट तापते. मार्च १९७९ मध्ये पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी या गणितावरून तिथे ज्वालामुखी असावेत असे भाकीत केले आणि काही दिवसांतच व्हॉयेजर १ यानाच्या छायाचित्रांत ते दिसले. पुनरावृत्तीच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

यानांचे मार्ग आखणारे हीच ताकद वापरतात. चंद्राजवळून जाताना इंधन फारसे न जाळता यानाचा मार्ग वळतो. एका भेटीने भागत नाही, म्हणून प्रत्येक भेटीतून पुढच्या भेटीची सोय लावावी लागते. टायटनला शनीभोवती फिरायला सुमारे १६ दिवस लागतात. यानाची फेरी १६ किंवा ३२ दिवसांची ठेवली की त्याच जागी गाठ पडणारच. कॅसिनी यान टायटनला अशा शंभराहून अधिक वेळा भेटले आणि एप्रिल २०१७ मध्ये टायटननेच त्याला शनी आणि कड्यांमधल्या पोकळीत वळवले.

पण त्याच जागी भेट म्हणजे चंद्राची तीच बाजू, तोच उजेड. गुरूकडे निघालेल्या युरोपा क्लिपर यानाच्या आखणीत यावर काढलेला तोडगा मला विलक्षण वाटतो. गुरूच्या किरणोत्सारात फार काळ राहणे धोक्याचे, म्हणून हे यान युरोपाभोवती न फिरता गुरूभोवतीच फिरेल आणि ४९ वेळा युरोपाला चाटून बाहेर पडेल. आधी युरोपाची गुरूकडे पाठ असलेली बाजू. मग इतर चंद्रांच्या मदतीने भेटीची जागाच कक्षेत पलीकडे हलवायची आणि दुसरी बाजू पाहायची.

उड्डाणाला टाळ्या मिळतात. माझ्या मते खरी प्रतिभा या आखणीत आहे. क्लिपर गुरूपाशी पोहोचेल एप्रिल २०३० मध्ये. तोवर एक करा: गुरू रात्री आकाशात असेल तेव्हा लहान दुर्बिणीतून त्याच्या चंद्रांच्या जागा आठवडाभर वहीत उतरवून ठेवा. तेवढ्यात गॅनिमीडची जवळजवळ एक फेरी पुरी होते.