पार्सल कुणाला स्वस्त?

अडीचशे रुपयांचं पुस्तक आणि ते पोचवायचे ऐंशी रुपये, हा हिशेब वाचकाला फोनवर सांगताना मला अजूनही जड जातं. समोरचा क्षणभर थांबतो, मग म्हणतो, "बघतो, पुण्यात कुणी येणार असेल तर त्याच्याकडून मागवतो." तो कुणीतरी बहुतेक येत नाही. छोट्या प्रकाशकाचं पुस्तक छापखान्यात अडत नाही, अलीकडे दुकानातही फारसं अडत नाही. ते अडतं या ऐंशी रुपयांपाशी. त्यामुळे पोस्ट, कुरिअर, एसटी, ट्रान्सपोर्ट यांचे दर ताडून बघणं हे आमच्या घरात रोजचं काम झालं आहे, भाजीचे भाव विचारावेत तितकं रोजचं.

नव्यानं पुस्तकं काढणारे लोक भेटले की एकच प्रश्न विचारतात, "सगळ्यात स्वस्त कोण पडतं?" त्यांना एक नाव हवं असतं. ते मला देता येत नाही, कारण उत्तर आधी वस्तूवर अवलंबून असतं, मग गावावर, आणि शेवटी घेणाऱ्या माणसावर.

वस्तूपासून सुरुवात करू. चारशे पानांची कादंबरी साधारण साडेचारशे ग्रॅम भरते. ती खोक्याच्या जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर टेपचे चार वेढे मारले की काटा पाचशेच्या पुढे सरकतो. बहुतेक कुरिअरवाल्यांचा टप्पा अर्ध्या किलोचा. पाचशे दहा ग्रॅम म्हणजे त्यांच्या लेखी एक किलो. म्हणजे दहा ग्रॅम टेपसाठी अख्ख्या अर्ध्या किलोचे पैसे मोजायचे. म्हणून आमच्याकडे पार्सल बांधताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा शेजारीच असतो. पुस्तकाला आधी पातळ प्लास्टिक (पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्या पार्सलला दोनदा), मग चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण, वर एक थर खाकी कागद. पुस्तकाला मार बसतो तो कोपऱ्यांवर, मधल्या भागाला सहसा काही होत नाही. पुठ्ठा फक्त कोपऱ्यांना लावला तर चारशे ऐंशी-नव्वदमध्ये भागतं. कुरिअर बदलून जेवढे वाचत नाहीत, तेवढे पैसे या त्रिकोणांनी वाचवले आहेत.

माझी मावसबहीण सांगलीहून दिवाळीचा फराळ पाठवते. आम्ही दोघी एकाच कुरिअरचं दरपत्रक समोर घेऊन बसलो, तर तिला ते महाग वाटतं आणि मला परवडतं. याचं कारण घनफळाचं वजन. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. खासगी कुरिअरमध्ये सर्रास हाच हिशेब चालतो. तिचं चिवड्या-चकल्यांचं खोकं ४० बाय ३० बाय २५ चं. काट्यावर साडेतीन किलो, हिशेबात सहा. अडीच किलो हवेचे पैसे. माझं पुस्तकांचं खोकं याच्या निम्म्याहून लहान, पण उचलताना कंबर धरते. घनफळानं अडीच किलोच्या थोडं वर, प्रत्यक्षात दहाच्या आसपास. मला घनफळाची भीती नाही, तिला काट्याची नाही. आता ती चिवडा आणि बेसनलाडू एकाच खोक्यात भरते. लाडू खाली, चिवडा वर. खोकं तेवढंच राहतं आणि लाडवांचं वजन जवळजवळ फुकट जातं. शिवाय चकलीचा चुरा होत नाही, हे ती आवर्जून सांगते.

पुस्तकांना पोस्टात पूर्वीपासून वेगळी वागणूक होती. रजिस्टर्ड बुकपोस्टानं जाड जाड गठ्ठे अगदी कमी पैशांत जायचे, आणि मराठीतल्या कितीतरी लहान प्रकाशकांचा टपालधंदा त्यावरच उभा होता. डिसेंबर २०२४ मध्ये ते अचानक बंद झालं. काउंटरवर गठ्ठा ठेवला तर संगणकात तो पर्यायच दिसेना. नंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, आत जाहिरातबाजी नको, आणि पार्सल जमिनीवरूनच जाणार, विमानानं नाही. त्याचा माग काढता येतो. दराच्या बाबतीत पुस्तकांपुरता याला आजही कुणी तोडीस तोड नाही. तरीही अनेक काउंटरवर "ज्ञान पोस्टानं घ्या" असं आपणहून सांगावं लागतं. न सांगितलं तर स्पीड पोस्टाची पावती हातात पडते. स्पीड पोस्ट वाईट आहे असं नाही. १९८६ पासून ते चालू आहे, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही त्यातच विलीन झालं. पण घाई नसलेल्या पुस्तकाला त्याची गरज नसते, आणि वाचक म्हणून मला विचाराल तर बहुतेक पुस्तकांना घाई नसते.

गावाचा मुद्दा मात्र दरपत्रकात सहज दिसत नाही. खासगी कुरिअरची पानं बघा: शहरातल्या शहरात एक दर, महानगर ते महानगर दुसरा, 'उर्वरित भारत' तिसरा. मग खाली बारीक अक्षरांत इंधन अधिभार, जीएसटी आणि सेवाक्षेत्राबाहेरच्या पत्त्यासाठी जादा आकार. हा शेवटचा जादा आकार कधी पार्सलच्या मूळ दराएवढाच असतो. पुणे-मुंबई पार्सलला खासगी कुरिअर स्वस्तही पडतं आणि दुसऱ्या दिवशी पोचतंही. तेच पार्सल भामरागडला किंवा अक्कलकुव्याच्या आतल्या एखाद्या गावी जायचं असेल तर कुरिअरवाला आधी पिनकोड विचारतो आणि मग नकार देतो, किंवा घेतो आणि तालुक्याच्या गावी ठेवून वाचकाला फोन करतो: "येऊन घेऊन जा."

त्या सहा आकड्यांमागे एक मराठी माणूस होता, याचा मला थोडा अभिमान आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात मोठ्या अधिकारपदावर होते, संस्कृतचे कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या वेगवेगळ्या लिप्या यांतून पत्र नेमकं पोचावं, हा तिचा हेतू. आपल्याकडचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, गोव्याचे ४०३ ने. टपाल खात्यानं पत्ते शोधायला केलेली ही सोय आज खासगी कुरिअर कंपन्या दुसऱ्याही कामाला वापरतात: कुठं जायचं नाही हे ठरवायला. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांत. म्हणून खेड्यातल्या पत्त्यासाठी मी दर बघतच नाही, पार्सल सरळ पोस्टात टाकते.

मोठा गठ्ठा असला, म्हणजे एखाद्या वाचनालयाची मार्चअखेरची खरेदी, तर ट्रान्सपोर्टला तोड नाही. पोत्यात शिवलेले गठ्ठे गोडाउनला नेऊन द्यायचे, बिल्टी घ्यायची, ती वाचनालयाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. किलोमागचा दर पाहिला की आपण आजवर कुरिअरला उगाच पोसलं असं वाटतं. पण हा दर गोडाउन ते गोडाउन. तिकडे हमाली, तिकडून वाचनालयापर्यंतची रिक्षा, आणि बिल्टी 'टू पे' केली असेल तर भाडंसुद्धा ग्रंथपालाच्या माथी. एसटीच्या पार्सलचं आणि खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीचंही तेच. रात्री गाडीत टाकलं की सकाळी लातूरला. फक्त सकाळी लातूरच्या स्टँडवर कुणीतरी उभं असायला हवं.

मला हे नीट कळलं ते गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. त्यांनी आमच्याकडून बरीच पुस्तकं घेतली होती, म्हणून मी हौसेनं विचारलं, "सर, एसटीनं पाठवू का? तुमचे निम्मे पैसे वाचतील." ते म्हणाले, "ताई, आठ दिवस उशिरा आलं तरी चालेल. पण मला स्टँडवर जायला लावू नका. माझे गुडघे त्याहून महाग आहेत."

तेव्हापासून कोणताही दर पाहिला की मी दुसरा प्रश्न विचारते: यात उरलेलं काम कोण करतंय? एसटीत ते घेणारा करतो. ट्रान्सपोर्टमध्ये ग्रंथपाल करतो. पोस्टात काही भार सरकारी तिजोरीवर पडतो आणि काही ऊन-पावसात वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या ग्रामीण डाकसेवकावर. ऑनलाइन कंपन्यांच्या स्वस्त घरपोच दरामागे बऱ्याचदा नगावर पैसे मिळणारा पोरगा असतो. चौथ्या मजल्यावर जाऊन दार बंद मिळालं, तर त्या फेरीचं त्याला बहुधा काहीच मिळत नाही. पेट्रोल त्याचं, मोबाइलचा डेटा त्याचा. पार्सल पोचवायला जे कष्ट आणि जो वेळ लागतो, तो लागतोच. दरपत्रकं ताडून बघताना आपण बऱ्याच वेळा फक्त तो कुणाच्या अंगावर टाकायचा ते निवडत असतो. हे कळल्यावर मी स्वस्त पर्याय सोडले असं नाही. परवडणारच नाही. पण निवडताना आता वाचकाला विचारते, आणि लोक सांगतात. कुणी म्हणतं, "स्टँड माझ्या दुकानासमोरच आहे, एसटीनं टाका." कुणी म्हणतं, "सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवू देत." उत्तरं कुठल्याही दरपत्रकापेक्षा उपयोगी असतात.

पोचल्यावर पैसे देण्याची सोय आम्ही बंद केली आहे. मराठी प्रकाशनात व्ही.पी.ची जुनी परंपरा आहे, आणि व्ही.पी. परत येण्याचीही. माणूस घरी नव्हता, बायकोनं नको म्हटलं, पैसे सुटे नव्हते. कारण काहीही असो, परत आलेल्या पार्सलला जाण्याचं भाडं पडतं, येण्याचं पडतं, आणि पुस्तकाचे कोपरे दुमडून येतात ते वेगळंच. एक परत आलेलं पार्सल चार पोचलेल्या पार्सलांतली मिळकत खातं. दर दहा रुपयांनी कमी करून घेण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा पार्सल परत येऊ न देणं जास्त स्वस्त पडतं, हे फराळवाल्या बहिणीचंही मत. तिचा चिवडा तर परत येऊन विकताही येत नाही.

पार्सल परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला तरी कुरिअर वाटत नाही. ते असतं पत्ता: 'शाळेजवळ, मारुती मंदिरामागे' आणि खाली पिनकोडच नाही, किंवा मोबाइल नंबर बंद पडलेला. म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तक, फराळ, काहीही मागवा. पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड आणि चालू असलेला नंबर लिहा, आणि दिवसा घरी कुणी नसेल तर पार्सल शेजारी कुणाकडे द्यायचं त्यांचं नाव. आणि पुस्तकाला घाई नसेल तर तेही कळवा. आम्ही ज्ञान पोस्टानं पाठवू, तुमचे पन्नासेक रुपये वाचतील.