अक्विला, प्रिस्किल्ला आणि घरचें काम

अक्विला व प्रिस्किल्ला हीं नवराबायको दोघेंही तंबू करून पोट भरीत. मंडळी त्यांच्याच घरीं जमे. पुणें शहरांत १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तींत बहुतेक स्त्रियाच. पहाटें कचरा वेंचून संसार चालविणाऱ्या मातेच्याच माथीं सायंकाळीं चूल व लेकरूंही कां? २०१७ च्या कायद्यानें नोकरदार मातेची प्रसूतिरजा २६ आठवडे झाली. त्यांत पित्याचा विचार नव्हता. आणि कचरा वेंचणारीस तर तीही रजा कोठली!

प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, तरी त्याचें प्रभुत्व गेलें नाहीं. मग लेकरास न्हाऊं घातल्यानें बापाचें मस्तकपण कसें जाईल? उपदेशकहो, येत्या रविवारीं उपासनेंत तान्हें मूल बापाच्या मांडीवर असावें. प्रथम आपलें घ्या.